शब्दचर्चा : ‘वांशिक’ कुठे चालतो, कुठे अडतो? आणि ओळखीचे ‘लक्षण’ की ‘खूण’?

अनुवादखाते

‘एथ्निक’ या विशेषणाला मराठीत डोळे झाकून ‘वांशिक’ लिहिले जाते. वांशिक गट, वांशिक संघर्ष, वांशिक अल्पसंख्याक. शब्द रुळलेला आहे, वाचकाला खटकत नाही. अडचण पुढच्या वाक्याला येते. समाजशास्त्राच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात ते वाक्य असतेच: भाषा, धर्म आणि रूप यांवरून माणसाची एथ्निक ओळख पटते. याचे ‘भाषा, धर्म आणि रूप ही वांशिक ओळखीची लक्षणे होत’ असे मराठी केले की वाक्य स्वतःशीच भांडू लागते. वंश रक्ताने येतो. भाषा कानावर पडून येते, धर्म दीक्षेनेही येतो. मग ही वंशाची लक्षणे कशी?

दुसरी अडचण: ‘रेस’लाही आपण ‘वंश’च म्हणतो. राज्यघटनेच्या मराठी पाठात अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी यादी आहे. तिथला वंश म्हणजे रेस. पण संयुक्त राष्ट्रांच्या ९ डिसेंबर १९४८ च्या जेनोसाइडविषयक (वंशसंहाराविषयीच्या) करारात नॅशनल, एथ्निकल, रेशियल, रिलिजस अशी चार विशेषणे ओळीने येतात. तिथे ‘राष्ट्रीय, वांशिक, वांशिक किंवा धार्मिक’ असे तर लिहिता येत नाही.

एथ्निक, मार्कर (ज्यावरून ओळख पटते ती गोष्ट) आणि अपिअरन्स (रूप) या तिन्हींसाठी जाणकारांनी शब्द सुचवावेत. शब्दाबरोबर तो कुठे चालत नाही हेही सांगावे.

कोशकीटक

‘वंश’ म्हणजे मूळात वेळू, बांबू. एका पेरातून पुढचे पेर फुटत जाते तशी पिढीतून पिढी. वंशावळ, वंशज, निर्वंश, वंशाचा दिवा हे सगळे शब्द पाहा, रेषा उभी आहे: बाप, मुलगा, नातू. ‘एथ्निक’मधला समूह आडवा पसरलेला असतो, म्हणजे आज एकाच वेळी जगणारी आणि एकमेकांना ‘आपले’ म्हणणारी माणसे. ती एका पूर्वजाची गोष्ट सांगतही असतील, पण गोष्ट सांगणे वेगळे आणि रक्त एक असणे वेगळे. ‘वांशिक’ शब्द ती गोष्ट खरी धरून चालतो. माझा त्यावर मुख्य आक्षेप हाच.

मूळ ग्रीक ‘एथ्नोस’ म्हणजे लोक, जनसमूह. बायबलच्या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ज्यूंखेरीज इतर लोकांसाठी हा शब्द वापरला गेला. त्यामुळे इंग्रजीत ‘एथ्निक’चा अर्थ कित्येक शतके ‘परधर्मी, मूर्तिपूजक’ असाच होता. धर्माची खूण त्या शब्दाच्या पोटातच आहे, रक्ताची नव्हे.

आपल्याकडचे पर्याय एकेक करून पाहू. ‘जातीय’ आता वापरता येत नाही. १९३२ च्या ‘जातीय निवाड्या’त आणि ‘जातीय दंगल’मध्ये हा शब्द हिंदू-मुसलमान अशा धर्मगटांसाठी आहे, आजचा तरुण वाचक ‘जातीय’ म्हटले की थेट कास्ट समजतो. ‘जमात’ची तीच गत: विद्यापीठीय मराठीत ‘जमातवाद’ म्हणजे धर्मगटांचे राजकारण, सरकारी मराठीत ‘अनुसूचित जमाती’ म्हणजे आदिवासी. ‘प्रजाती’ तर मुळीच नको. आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात कुल, प्रजाती, जाती असा उतरता क्रम आहे, म्हणजे प्रजाती ही जीनस. हिंदीत ‘प्रजाति’ स्पीशीजलाही वापरतात आणि माणसांच्या रेसलाही. हिंदीवरून घाईत मराठी करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते.

शेजारच्या भाषांनी वाट काढली आहे. हिंदी राज्यघटनेत रेसला ‘मूलवंश’ आहे आणि एथ्निकला विद्यापीठात ‘नृजातीय’. बंगालीत ‘नृगोष्ठी’. मराठीत ‘लोकसमूह’ किंवा ‘जनसमूह’ समजतो. बोलण्यातला सगळ्यात जिवंत शब्द मात्र ‘समाज’: आगरी समाज, पारशी समाज, सिद्दी समाज. ‘ते कोणत्या समाजाचे?’ हा प्रश्न गावात ज्या अर्थाने विचारतात, तो एथ्निकच्या फार जवळचा आहे. त्यात जात, धर्म, बोली, राहणी सगळे एकदम विचारलेले असते.

तर्कसंग्रही

‘मार्कर’बद्दल. लक्षण आणि खूण यांत मराठी माणूस बोलताना गल्लत करत नाही, लिहिताना करतो. ‘तापाची लक्षणे’, ‘पोराची लक्षणे बरी नाहीत’: लक्षण वस्तूच्या अंगी असते. ‘खुणेचा दगड’, ‘खूणगाठ’: खूण कोणीतरी ओळखण्यासाठी धरलेली असते. बांधावरचा दगड दोन शेतकऱ्यांनी मानला म्हणून हद्दीची खूण. त्यांनी हद्द बदलली की तो नुसता दगड.

लक्षण तपासायची रीत ‘न्याय’ या आपल्या जुन्या तर्कशास्त्राने घालून दिली आहे. दोष तीन. गाईचे लक्षण ‘कपिल रंग’ असे केले तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असणे’ असे केले तर म्हशी आत येतात, ही अतिव्याप्ती. ‘एक सलग खूर’ असे केले तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. आता हीच कसोटी भाषा आणि धर्म यांना लावू.

‘मैतेई म्हणजे मणिपुरी बोलणारा हिंदू’: मणिपुरीच मातृभाषा असलेले पंगल मुसलमान सुटले, सनामही ही मैतेईंची जुनी, हिंदू नसलेली परंपरा पाळणारे मैतेईही सुटले. अव्याप्ती. ‘कुकी म्हणजे मणिपूरच्या डोंगरातला ख्रिस्ती’: नागाही आत आले. अतिव्याप्ती. ‘रवांडात हुतू कोण, तुत्सी कोण ते भाषेवरून ओळखावे’: दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा. असंभव.

म्हणजे ‘लक्षण’ या शब्दाला भाषा आणि धर्म ही दोन्ही पुरी पडत नाहीत, आणि तरीही लोक त्यांवरून रोज एकमेकांना ओळखतात. ती खूण म्हणून चालतात, आणि कुठली खूण चालेल हे शेजारी कोण आहे यावर ठरते. मैतेई आणि कुकी यांच्यात धर्माची खूण चालते; कुकी आणि नागा यांच्यात तीच खूण कुचकामी. नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ मध्ये हेच मांडले होते, की समूहाच्या आत काय भरले आहे ते पाहण्याआधी त्याची हद्द कुठे आणि कशी राखली जाते ते पाहावे. म्हणून मार्करला ‘ओळखखूण’ किंवा नुसते ‘खूण’ लिहावे. ‘खाणाखुणा’ हा तयार शब्दही आहेच.

बखरवाचक

वरच्या मुद्द्याला आपल्याच जुन्या मराठीतला पुरावा द्यावासा वाटतो. मुसलमानांसाठी बखरींत आणि जुन्या काव्यात तीन शब्द आलटून पालटून येतात: म्लेंच्छ, यवन, अविंध. अर्थ एकच मानून आपण पुढे जातो. थांबून पाहिले तर तिन्हींची खूण वेगळी आहे.

‘म्लेच्छ्’ धातूचा अर्थ अस्पष्ट, अशुद्ध बोलणे. पतंजलीच्या महाभाष्यात असुर ‘हे अरयः’ म्हणायच्या ऐवजी ‘हेलयो हेलयः’ म्हणाले आणि हरले. म्हणून ब्राह्मणाने म्लेच्छासारखे बोलू नये, अपशब्द हाच म्लेच्छ, असे तिथे सांगितले आहे. र च्या जागी ल आला एवढ्यावरून माणूस परका ठरला. खूण भाषेची. ‘यवन’ म्हणजे आयोनियाचा ग्रीक, खूण देशाची. आणि ‘अविंध’ म्हणजे अविद्ध, ज्याचे कान टोचलेले नाहीत असा. खूण शरीराची, तीही जन्मजात नव्हे, संस्कारानंतरची. मराठी मुलाचे कान बाराव्या दिवसाच्या आसपास टोचले जात, म्हणून न टोचलेला कान शेजारच्याच्या नजरेत भरला. जिथे कोणीच कान टोचत नाही अशा मुलखात हा शब्द जन्मलाच नसता.

भाषा, देश, शरीर अशा तीन वेगळ्या खुणांनी सुरू झालेले शब्द शेवटी एका धर्माचे नाव होऊन बसले. अनुवादकाने हे लक्षात ठेवावे: शब्द कुठल्या खुणेतून निघाला आणि आज कुठल्या खुणेवर टेकला आहे, ही दोन वेगळी उत्तरे असतात.

जंजिऱ्याच्या सत्तेसाठीही असेच तीन शब्द. ‘शामळ’ रंगावरून, ‘हबशी’ हबश म्हणजे ॲबिसिनिया या देशावरून, ‘सिद्दी’ हा अरबी सय्यिदीवरून आलेला मानाचा किताब. युरोपीय लोकांना रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात ‘टोपीकर’ म्हटले आहे आणि त्यात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) असे पोटभेद दिले आहेत. लांबून दिसते ती टोपी, जवळ गेल्यावर कळतो तो देश. अमात्यांनी दोन्ही पातळ्या नीट वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि आजच्या आपल्या लिखाणात त्या सरमिसळ होतात, हे पाहून वाईट वाटते.

अनुवादखाते

बखरवाचक, ‘अविंध’ची फोड फार उपयोगी पडली. म्हणजे ‘अपिअरन्स’मध्येही दोन थर मानावे लागतील: जन्माने आलेले आणि नंतर केलेले?

बखरवाचक

हो. जन्माने येते ती ‘ठेवण’: चेहऱ्याची ठेवण, वर्ण, केस. धारण करतो तो ‘पेहराव’. आणि मधला एक थर आहे, शरीरावर केलेला: गोंदण, टोचलेले कान, सुंता, राखलेले केस. एकटा ‘रूप’ शब्द पहिल्या थराकडे ओढतो, म्हणून तिथे सावध राहावे. ब्रिटनमध्ये १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने एका शीख मुलाच्या पगडीच्या खटल्यात शिखांना एथ्निक ग्रुप मानले. निकालात दोन गोष्टी अत्यावश्यक धरल्या: समूहाला स्वतःचा म्हणून वाटणारा दीर्घ इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा. समान भाषा, समान धर्म, समान मूळ प्रदेश या गोष्टी पूरक. पगडी हे ‘रूप’ म्हणून भाषांतरित केले तर त्या निकालाचा सगळा अर्थ जातो.

उत्तरकोकण

शेजारी बदलला की खूण बदलते, याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे: बेने इस्रायल. रायगडच्या गावांत ते शतकानुशतके राहिले. भाषा मराठी, नेसण शेजारणीसारखी, आडनावे गावावरून: पेणकर, नवगावकर, केहीमकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शेजाऱ्यांना दिसलेला फरक एकच, शनिवारी घाणा बंद. म्हणून नाव पडले ‘शनवार तेली’. कोकणात इतर तेली होते, त्यांच्यापासून वेगळे काढायला एक वार पुरला. या नावात ज्यू हा शब्दसुद्धा नाही, कारण ते नाव देणाऱ्याला त्याची गरज नव्हती.

हेच लोक इस्रायलला गेले. तिथे शनिवारी सगळ्यांचेच काम बंद. ती खूण तिथे नाहीशी झाली आणि मराठी बोलणे, वर्ण, जेवण या खुणा पुढे आल्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. त्याविरुद्ध आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये ते निर्देश मागे घ्यावे लागले. कोकणात धर्माने वेगळे, इस्रायलमध्ये भाषेने आणि रूपाने वेगळे. रक्त तेवढेच, माणसे तीच. त्यांच्या मलिद्याचे ताट पाहा: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे, आणि प्रार्थना एलियाहू हन्नबी म्हणजे प्रेषित एलियाची. पोहे-खोबरे कोकणचे, प्रार्थना हिब्रू. या ताटाला ‘वांशिक’ म्हणणे मला तरी जड जाते. ‘समाजाची खूण’ म्हणणे अगदी सोपे जाते.

उलटे उदाहरण उत्तर कन्नडमधल्या सिद्दींचे. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या भागात ते कोंकणी बोलतात, आजूबाजूचे पुष्कळ लोकही बोलतात. धर्म तिन्ही: हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. भाषा आणि धर्म दोन्ही खुणा निकामी, उरते ती आफ्रिकी ठेवण. २००३ मध्ये त्यांना कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इथे ‘आफ्रिकी वंशाचे’ हे शब्द चुकीचे नाहीत, कारण बोलणे खरोखरच मूळ पूर्वजांबद्दल आहे.

वसईची कादोडी बोली सामवेदी हिंदूही बोलतात आणि कुपारी ख्रिस्तीही; भाषा जोडते, धर्म वेगळे करतो. मुंबई-साष्टीच्या मराठीभाषक कॅथलिकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, तेव्हा धर्म तर गोव्याच्या कॅथलिकांसारखाच होता. गोव्याहून कामाला येणाऱ्यांपासून आपण वेगळे आणि इथलेच, हे सांगायला नवे नावच लागले. नाव हीसुद्धा खूण असते, ही गोष्ट चर्चेत यायला हवी.

‘पारशी’ हा वंश की धर्म, यावर तर मुंबई उच्च न्यायालयानेच १९०८ मध्ये शब्दचर्चा केली आहे. जरथुश्त्री हा धर्म; पारशी म्हणजे इराणातून आलेल्यांचे वंशज, नंतर आलेले जरथुश्त्री इराणी, आणि पारशी पित्याची धर्मात रीतसर घेतलेली मुले. म्हणजे सदरा-कुस्ती (पवित्र सदरा आणि कमरेचा धागा) घेऊन माणूस जरथुश्त्री होईल, पारशी होणार नाही. मराठीत ‘पारशी धर्म’ लिहिणाऱ्यांनी हा भेद पाळावा.

दर्यापार

बाहेरच्या दोन ठिकाणांबद्दल लिहितो, कारण मराठी वर्तमानपत्रांत दोन्हींची नावे वर्षानुवर्षे चुकत आली आहेत.

बोस्निया. सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक यांची ठेवण एक, बोली जवळजवळ एक. सिगारेटच्या पाकिटावर ‘धूम्रपान जीव घेते’ हा इशारा तीन अधिकृत भाषांत छापतात: ‘पुशेन्ये उबिया’, ‘पुशेन्ये उबिया’ आणि पुन्हा ‘पुशेन्ये उबिया’, तिसऱ्यांदा सिरिलिक लिपीत. भाषेच्या खुणा बारीक आहेत: कॉफीला क्रोएट ‘कावा’, सर्ब ‘काफा’, बोस्नियाक ‘काहवा’. खरी हद्द धर्माची: ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, मुसलमान. पण ती खूण श्रद्धेची नव्हे, घराण्याची. १९७१ च्या युगोस्लाव जनगणनेत ‘मुस्लिमान’ हे राष्ट्रसमूहाचे नाव होते. मोठ्या एम्‌ने लिहिले तर राष्ट्रसमूह, लहान एम्‌ने लिहिले तर धर्म मानणारा. त्यामुळे मोठ्या एम्‌चा मुस्लिमान नास्तिकही असू शकत होता. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, म्हणून मराठीत तो भेद पुसला जातो. उपाय सोपा आहे. १९९३ पासून ‘बोस्नियाक’ हे नाव रूढ आहे, ते वापरा. ‘बोस्नियन’ म्हणजे बोस्नियाचा कोणताही रहिवासी, मग तो सर्ब असो की क्रोएट. आपल्याकडे दोन्हींना ‘बोस्नियन’ लिहितात आणि बातमीचा अर्थच उलटतो.

रवांडा. इथे भाषा एक, धर्म बहुतांश एक, वस्ती त्याच टेकड्यांवर. ‘उब्वोको’ या किन्यारवांडा शब्दाचा अर्थ प्रकार, आणि माणसांबाबत कुळ. एकाच कुळात हुतूही असत, तुत्सीही. बेल्जियन राजवटीने १९३३-३४ मध्ये मोजणी करून ओळखपत्रे दिली आणि पुढे याच शब्दाखाली हुतू, तुत्सी, त्वा असे पर्याय छापले जाऊ लागले. लागू नसलेले खोडायचे. मूल बापाच्या रकान्यात. उंची आणि नाक यांच्या कल्पना होत्याच, पण त्या इतक्या बेभरवशाच्या की १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये, तुत्सींच्या कत्तलीच्या वेळी, रस्त्यावरच्या नाक्यांवर आधी कार्ड मागितले जाई. कागदावरचा खोडलेला शब्द हीच खूण झाली.

पुढे या कत्तलीचे खटले चालवणाऱ्या, टांझानियातल्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात नेमकी इथली चर्चा आली. एथ्निक गट म्हणजे समान भाषा किंवा संस्कृती असलेला गट, अशी व्याख्या न्यायाधीशांनी लिहिली आणि तुत्सी त्या व्याख्येत बसेनात. शेवटी तो स्थिर, जन्माने ठरणारा आणि सरकारी कागदांनी वेगळा मानलेला गट आहे, या आधारावर त्यांना करारात घेतले. व्याख्येची अव्याप्ती न्यायालयातच उघडी पडली.

तर्कसंग्रही

दर्यापार, या निकालाचा दाखला ‘खूण’च्या बाजूने फार बळकट आहे. आणि वंशाच्या बाजूने नाक मोजणाऱ्यांचे काय झाले तेही नोंदवू. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकाची रुंदी भागिले लांबी गुणिले १०० असा निर्देशांक काढत. ७० च्या खाली अरुंद, ७० ते ८५ मध्यम, त्यावर रुंद. त्यावरून जातींचे वंश ठरवले गेले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अशाच मोजमापांचे आकडे घेऊन दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही. ज्या मापाने वंश सिद्ध करायचा त्याच मापाने तो कोसळला.

कोशकीटक

भाषेच्या खुणेबद्दल एक राहिले. बायबलच्या ‘शास्ते’ पुस्तकात, बाराव्या अध्यायात, पळणारे शत्रू ओळखण्यासाठी यार्देन नदीच्या पायउतारावर माणसाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावतात. ‘सिब्बोलेथ’ म्हणाला तर एफ्राइमचा. १९८३ च्या जुलैत श्रीलंकेतल्या तमिळविरोधी दंगलीत बसमधल्या प्रवाशांना ‘बाल्दिय’ म्हणायला लावल्याच्या नोंदी आहेत. शब्दाच्या सुरुवातीचा घोष ब तमिळच्या मूळ उच्चारपद्धतीत नाही, म्हणून तिथे अडखळणारा तमिळ. बाल्दिय म्हणजे बादली. पोर्तुगीज ‘बाल्द’वरून सिंहलीत बाल्दिय, मराठीत बालदी आणि बादली. जो शब्द आपण नळाखाली ठेवतो, त्याच शब्दावर तिथे माणसांचे जीव गेले.

मॉरिशसही इथे आठवते. तिथल्या मराठी घरांची रोजची भाषा बहुधा क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली) आहे, तरी १९८३ च्या जनगणनेत ‘पूर्वजांची भाषा’ विचारली होती आणि तिथे मराठी लिहिता येत होते. न बोलली जाणारी भाषासुद्धा समाजाची खूण राहू शकते. १९६८ च्या त्यांच्या राज्यघटनेत हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन हे तीन समाज आहेत, आणि जो आपल्या ‘राहणीवरून’ या तिघांत बसत नाही तो सर्वसाधारण लोकसंख्येत.

अनुवादखाते

मग मूळ वाक्य असे करतो: ‘भाषा, धर्म, चेहऱ्याची ठेवण आणि पेहराव या खुणांवरून लोकसमूहाची ओळख पटते, यांपैकी कोणती खूण चालेल हे शेजारचा समूह कोण यावर अवलंबून असते.’ आणि करारातल्या चार विशेषणांसाठी ‘राष्ट्र, लोकसमूह, वंश किंवा धर्म यांवरून ओळखला जाणारा गट’. ‘लोकसमूह’चे विशेषण होत नाही, म्हणून चारही नामे केली.

कोशकीटक

दोन्ही वाक्ये चालतील. नामे करण्याची युक्ती इतरत्रही वापरा: ‘वांशिक अल्पसंख्याक’ऐवजी ‘अल्पसंख्य समाज’, ‘मणिपूरमधील वांशिक हिंसाचार’ऐवजी ‘मैतेई आणि कुकी-झो समाजांतील हिंसाचार’. दुकानातल्या ‘एथ्निक वेअर’ला ‘पारंपरिक पोशाख’ पुरे.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. ‘एथ्निक क्लेन्सिंग’ला ‘वांशिक शुद्धीकरण’ लिहू नका. सर्बो-क्रोएशियन ‘चिश्चेन्ये’ म्हणजे साफसफाई. ते हाकलणाऱ्यांच्या बाजूचे बोलणे होते. मराठीत शुद्धी म्हणजे पवित्र करणे, त्यामुळे आपला शब्द त्याहून वाईट होतो, हाकललेली माणसे मळ ठरतात. ‘बोस्नियाकांना गावागावांतून हुसकून लावले’ असे सरळ लिहावे. कोणाला आणि कुठून, ही दोन्ही त्यात येतात.